ल्युकेमियानंतरच्या मुलांसाठीचे हाडांचे क्लिनिक: तपासणी उत्तम, सुरुवात उशिरा

ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा, उपचार पूर्ण झालेल्या मुलांच्या हाडांकडे स्वतंत्रपणे लक्ष देणारे क्लिनिक ही सेवा आता अनेक मोठ्या बालकर्करोग केंद्रांत दीर्घकालीन पाठपुराव्याचा भाग म्हणून दिली जाते. माझ्या मुलाला अकराव्या वर्षी ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झाला. केमोथेरपी संपल्यावर त्याच्या कर्करोगतज्ज्ञांनी आम्हाला अशाच एका क्लिनिककडे पाठवले आणि तेव्हापासून आमचे तिथे नियमित जाणे-येणे आहे. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण या लेखाचा उपयोग एखाद्या संस्थेची निवड करण्यापेक्षा अशा सेवेकडून नेमके काय मागावे हे कळण्यासाठी व्हावा, असे मला वाटते. माझे मत आधीच सांगतो. तिथली तपासणी, आणि विशेषतः रिपोर्टवरच्या आकड्यापेक्षा मुलाकडे अधिक बारकाईने पाहण्याची तिथली सवय, उत्तम आहे. मात्र ही सेवा ज्या वेळी सुरू होते ती वेळ फार उशिराची आहे.

मुळात रक्ताच्या कर्करोगाचा हाडांशी संबंध काय, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. ल्युकेमियाच्या पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतच वाढतात, त्यामुळे निदान होण्याआधीच हाडांचे नुकसान सुरू झालेले असू शकते. त्यानंतरचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो आणि त्यात प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडे मोठ्या मात्रेत द्यावी लागतात. ती नवे हाड तयार करणाऱ्या पेशींना दाबतात, आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्याचे प्रमाण घटवतात आणि लघवीवाटे ते अधिक बाहेर टाकतात. मेथोट्रेक्सेट या केमोथेरपीच्या औषधाचाही हाडे तयार करणाऱ्या पेशींवर परिणाम होतो. व्हिन्क्रिस्टिन या दुसऱ्या औषधामुळे नसा कमजोर होतात, पावलाचा पुढचा भाग नीट उचलला जात नाही आणि मूल अडखळून पडू लागते. त्यात महिनोन्महिने अंथरुणात किंवा घरात काढणे, उन्हात न जाणे, खेळ बंद होणे, भूक नसणे. हे सगळे नेमके त्या वयात घडते, ज्या वयात शरीर आयुष्यभर पुरणारे हाड साठवत असते. प्रौढपणीच्या अस्थिघनतेचा बहुतांश भाग विशीपर्यंत तयार झालेला असतो, त्यामुळे या वर्षांत पडलेली तूट नंतर भरून निघेलच याची खात्री नसते. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: उपचार थांबल्यावर वाढत्या मुलाची हाडे आश्चर्य वाटावे इतकी सावरतात. क्लिनिकचे सारे काम या दोन गोष्टींच्या मधले आहे. कोणते मूल आपोआप सावरेल आणि कोणाला मदत लागेल, हे वेळेवर ओळखणे.

पहिल्या भेटीत हाडांची घनता मोजणाऱ्या यंत्राकडे कोणी थेट नेले नाही, हे मला आवडले. आधी बराच वेळ इतिहास विचारण्यात गेला. कोणत्या टप्प्यात कोणते स्टेरॉइड किती दिले, मेंदूला किरणोपचार झाले होते का, अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले का, उपचाराच्या काळात एखादे हाड मोडले का आणि मोडले असल्यास कशाने, हे सारे त्यांनी आमच्या फाइलमधून आणि आमच्याकडून पडताळून घेतले. मोडण्याचे कारण विचारण्यामागे अर्थ आहे. झाडावरून पडून हात मोडणे आणि उभ्या उभ्या घसरून मोडणे यांत हाडाच्या ताकदीच्या दृष्टीने मोठा फरक असतो. त्यानंतर उंची मोजली, आणि तीही आधीच्या नोंदींशी ताडून पाहिली. वयात येण्याची लक्षणे दिसू लागली आहेत का, हे विचारले, कारण संप्रेरकांची कमतरता असेल तर हाडे तयार होण्याचा वेग मंदावतो. डॉक्टरांनी पाठीच्या कण्यावरून एकेक मणका बोटाने दाबत तपासला, मुलाला जमिनीवर बसवून हातांचा आधार न घेता उठायला सांगितले, टाचांवर चालायला लावले. हे सर्व करताना त्या त्याच्याशी बोलत होत्या, आमच्याशी नव्हे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या दुखण्याबद्दल स्वतः बोलू द्यावे ही गोष्ट साधी आहे, पण इतकी वर्षे रुग्णालयांत काढूनही आमच्या वाट्याला ती क्वचितच आली होती.

डेक्सा स्कॅनची पाळी त्यानंतर आली. या तपासणीत मूल एका सपाट टेबलावर उताणे झोपते आणि दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण वापरून कमरेचे मणके आणि डोके वगळून संपूर्ण शरीर यांतील खनिजांचे प्रमाण मोजले जाते. ना सुई, ना बंदिस्त नळी, ना मोठा आवाज. किरणांचा मारा इतका थोडा असतो, की निसर्गातून आपल्याला रोज मिळणाऱ्या किरणांच्या एक-दोन दिवसांच्या हिशेबाइतकाच तो भरतो. केमोच्या काळात सीटी स्कॅनची धास्ती घेतलेल्या पालकांना हे आधी सांगायला हवे, आणि इथल्या तंत्रज्ञांनी ते न विचारता सांगितले. प्रौढांप्रमाणे खुब्याचे मोजमाप मुलांमध्ये सहसा घेत नाहीत, कारण वाढत्या वयात तिथल्या हाडाचा आकार सतत बदलत असतो आणि दोन स्कॅनची तुलना विश्वासार्ह ठरत नाही. हेही आम्ही विचारल्यावर त्यांनी नीट समजावले.

रिपोर्ट मात्र वेगळा विषय आहे, आणि इथे मला जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण पालकांची झोप उडवणारा कागद हाच आहे. मुलांच्या रिपोर्टमध्ये पाहायचा आकडा झेड-स्कोअर. तो त्याच वयाच्या आणि त्याच लिंगाच्या मुलांशी तुलना करून काढतात; शून्य म्हणजे सरासरी, उणे म्हणजे सरासरीखाली. टी-स्कोअर हा तरुण प्रौढाच्या सर्वोच्च अस्थिघनतेशी तुलना करतो, म्हणून ज्या मुलाची हाडे अजून तयार व्हायची आहेत त्याला तो लावणे निरर्थक आहे. लावला तर बहुतेक निरोगी मुलेही आजारी ठरतील. आमच्या हाती आलेल्या छापील रिपोर्टवर झेड-स्कोअर होताच, पण यंत्राच्या सॉफ्टवेअरने लाल, पिवळ्या आणि हिरव्या पट्ट्यांचा प्रौढांसाठीचा आलेखही सोबत छापला होता आणि मुलाचा बिंदू लाल पट्ट्यात बसवला होता. तो कागद आम्हाला डॉक्टरांच्या भेटीआधी खिडकीवर मिळाला. डॉक्टरांनी तो आलेख पाहताच त्यावर आडवी रेघ मारली, हे खरे. पण ती रेघ छापण्याआधीच मारली गेली असती तर बरे झाले असते. मुलांची तपासणी करणाऱ्या केंद्राने यंत्राची ही सेटिंग बदलून घेणे हे फार मोठे काम नाही.

पुढची बाब उंचीची. डेक्सा हाडाची जाडी मोजत नाही, सपाट चित्रावरच्या क्षेत्रफळानुसार घनता काढते. त्यामुळे लहान चणीच्या मुलाची हाडे प्रत्यक्षात चांगली असली तरी रिपोर्टवर विरळ दिसतात. ल्युकेमियाच्या उपचारात अनेक मुलांची उंची काही काळ खुंटते, म्हणजे ज्या मुलांना या तपासणीची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच बाबतीत ती चुकीचा इशारा देण्याची शक्यता जास्त. इथल्या डॉक्टरांनी उंचीचा हिशेब धरून आकडा पुन्हा काढला, तेव्हा माझ्या मुलाचा स्कोअर बराच वर सरकला. ज्या ठिकाणी ही दुरुस्ती केली जात नाही, तिथला रिपोर्ट घेऊन कोणताही निर्णय घेऊ नये, असे मी ठामपणे म्हणेन.

आणि निर्णय कशावर घ्यायचा, याबाबत बालरोग क्षेत्रात एक स्पष्ट व्याख्या आहे, जी मला या क्लिनिकमध्ये पहिल्यांदा कळली. झेड-स्कोअर उणे 2 किंवा त्याखाली असला तरी मुलाला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार, आहे असे म्हणत नाहीत. त्याला वयाच्या मानाने कमी अस्थिघनता एवढेच म्हणतात. ऑस्टिओपोरोसिसचे निदान करण्यासाठी हाड मोडल्याचा इतिहास लागतो. कमी स्कोअरसोबत दहाव्या वर्षापर्यंत लांब हाडांची दोन किंवा अधिक फ्रॅक्चर, अथवा एकोणिसाव्या वर्षापर्यंत तीन किंवा अधिक; किंवा मग मोठा मार लागलेला नसताना आणि त्या जागी दुसरा आजार नसताना एखादा मणका दबलेला असणे. मणका दबलेला असेल तर स्कोअर कितीही चांगला असला तरी निदान होते. म्हणजे या सगळ्या प्रकरणात घनतेच्या आकड्यापेक्षा पाठीच्या कण्याचा बाजूने काढलेला साधा एक्स-रे अधिक मोलाचा आहे, आणि हीच गोष्ट बाहेर फार थोड्यांना ठाऊक असते.

हा एक्स-रे इथे प्रत्येक नव्या मुलाचा काढतात, पाठ दुखत असो वा नसो. माझ्या मुलाची पाठ दुखत नव्हती. एक्स-रेमध्ये पाठीच्या मधल्या भागातला एक मणका पुढच्या बाजूने बसलेला दिसला, दाब पडून एका कडेने खचलेल्या उशीसारखा. मणक्याची उंची 20 टक्के किंवा त्याहून अधिक घटली की ते फ्रॅक्चर मानतात. 25 टक्क्यांपर्यंत सौम्य, 40 पर्यंत मध्यम आणि त्यापुढे गंभीर. त्याचे मध्यम होते आणि जुने होते. केव्हा झाले हे आता कोणीच सांगू शकत नाही, कारण उपचाराच्या संपूर्ण काळात त्याच्या कण्याचा एक्स-रे कोणी काढला नव्हता.

माझी मुख्य तक्रार इथेच सुरू होते. कॅनडामध्ये स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांच्या हाडांवर अनेक रुग्णालयांनी मिळून एक मोठा अभ्यास केला. त्यात ल्युकेमिया झालेल्या 186 मुलांचे मणके अगदी निदानाच्या वेळीच तपासले गेले, आणि त्यांतील 16 टक्के मुलांचा एक तरी मणका तेव्हाच दबलेला आढळला. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना पाठदुखी नव्हती. पुढे सहा वर्षे या मुलांवर लक्ष ठेवले असता सुमारे एक-तृतीयांश मुलांना कधी ना कधी मणक्याचे फ्रॅक्चर झाल्याचे दिसले आणि त्याचा जोर पहिल्या वर्षात सर्वाधिक होता. निदानाच्या वेळी ज्यांचा मणका दबलेला होता, त्यांना पुढे आणखी फ्रॅक्चर होण्याचा धोका अधिक असल्याचेही याच अभ्यासातून समोर आले. हे सर्व प्रसिद्ध होऊन बरीच वर्षे लोटली आहेत. असे असताना हाडांचे क्लिनिक उपचार संपल्यानंतरच दार उघडत असेल, तर ते पूर ओसरल्यावर पंचनाम्याला येते, असेच म्हणावे लागेल.

मी हा मुद्दा तिथे काढला. डॉक्टरांचे उत्तर प्रामाणिक होते. उपचाराच्या काळातील मुले कर्करोग विभागाच्या अखत्यारीत असतात, तिथे जीव वाचवण्याची घाई असते, आणि हाडांच्या चमूला मुले तेव्हाच मिळतात जेव्हा ती पाठवली जातात. दबलेला मणका सौम्य असेल आणि वाढीची बरीच वर्षे हाताशी असतील, तर बहुतेक मुलांमध्ये तो पुन्हा आकार घेतो, हेही त्यांनी सांगितले. मात्र वय जितके मोठे आणि मणका जितका जास्त दबलेला, तितकी ही शक्यता कमी होते. अकराव्या वर्षी आजारी पडलेल्या आणि मध्यम फ्रॅक्चर असलेल्या मुलाच्या पालकाला हे वाक्य दोन्ही बाजूंनी लागते. उत्तर पटले, तरी व्यवस्था पटली नाही. निदानाच्या आठवड्यात छातीचा एक्स-रे होतोच. कण्याचा एक जास्तीचा एक्स-रे आणि उपचाराच्या मध्यावर आणखी एक, एवढे कर्करोग विभाग आणि हाडांचे क्लिनिक यांनी एकत्र बसून ठरवता येण्यासारखे आहे.

डेक्सा किती वेळा करावी, यावर तज्ज्ञांमध्ये एकवाक्यता नाही, आणि क्लिनिकने ती आहे असे भासवले नाही. अमेरिकेतील चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुप या बालकर्करोगतज्ज्ञांच्या गटाच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट मिळालेल्या मुलांची दीर्घकालीन पाठपुरावा सुरू होताना एकदा तपासणी सुचवलेली होती. 2021 मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने प्रसिद्ध केलेल्या सूचनांनी मात्र डोक्याला, डोके व कणा दोन्हींना किंवा संपूर्ण शरीराला किरणोपचार मिळालेल्यांवर भर दिला, आणि त्यांच्यासाठीही पहिला स्कॅन सामान्य असेल तर पुढचा थेट पंचविसाव्या वर्षी, हाडांची भरती पूर्ण होण्याच्या सुमारास, असे वेळापत्रक सुचवले. केवळ केमोथेरपी झालेल्या मुलांमध्ये सरसकट स्कॅन करावेत एवढा पुरावा त्या गटाला दिसला नाही. या क्लिनिकमध्ये मुलाच्या इतिहासानुसार ठरवतात. माझ्या मुलाचा मणका दबलेला असल्याने त्याचा स्कॅन वर्षाने पुन्हा केला, पण आमच्या ओळखीच्या एका लहान मुलीला, जिचा एक्स-रे स्वच्छ होता आणि जिला काही दुखत नव्हते, त्यांनी पुन्हा बोलावण्याची गरज नाही असे सांगून मोकळे केले. ज्या रुग्णसेवेत प्रत्येक भेटीला एक तपासणी जोडली जाते, तिथे हा संयम उठून दिसतो. सहा महिन्यांच्या आत दुसरा स्कॅन करण्यात तर काहीच अर्थ नसतो. तेवढ्या काळातला बदल यंत्राच्या मोजमापातील चढ-उतारापेक्षा मोठा असेलच असे नाही.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांबाबतही हाच संयम दिसला, आणि अनेक पालकांना तो कदाचित आवडणार नाही. आम्ही गोळ्यांची चिठ्ठी घेऊनच बाहेर पडू अशा समजुतीने गेलो होतो. त्यांनी आधी रक्तातील ड जीवनसत्त्वाची पातळी पाहिली. ती मिलिलिटरमागे 12 नॅनोग्रॅमखाली असेल तर कमतरता आणि 20 च्या वर असेल तर पुरेशी, असा मुलांसाठीचा सर्वसाधारण मापदंड त्यांनी सांगितला. कमतरता असेल तर औषध द्यायचे, यात वाद नाही. मात्र पातळी पुरेशी असताना आणि आहार ठीक असताना वरून गोळ्या दिल्याने हाडे अधिक घट्ट होतात, असे दिसलेले नाही. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात ल्युकेमियातून बरे झालेल्यांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांना आहाराचा सल्ला दिला गेला आणि एकाला त्यासोबत दोन वर्षे कॅल्शियम व ड जीवनसत्त्व दिले गेले; अस्थिघनतेत जास्तीचा फायदा आढळला नाही. त्यामुळे इथे आहारतज्ज्ञाची भेट प्रत्येकाला आणि गोळ्या गरजेपुरत्या. नऊ ते अठरा या वयात दिवसाला सुमारे 1300 मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवे, ही मोठी मजल आहे, आणि उपचारामुळे चव गेलेल्या, ठरावीक चार पदार्थांवर अडून बसलेल्या मुलाच्या ताटातून ती कशी गाठायची यावर आहारतज्ज्ञाने खरोखर वेळ दिला. सोबत मॅग्नेशियम आणि फॉस्फरस यांचीही रक्ततपासणी झाली, कारण काही औषधांमुळे मूत्रपिंडातून ही खनिजे वाया जात राहतात आणि बाहेरून ते दिसत नाही.

या सेवेतला सर्वांत चांगला भाग कोणता, असे विचाराल तर मी फिजिओथेरपीचे नाव घेईन. हाडाला बळ मिळते ते त्यावर पडणाऱ्या भाराने आणि त्याला ओढणाऱ्या स्नायूंमुळे. स्टेरॉइडांनी मांड्यांचे आणि खुब्यांचे स्नायू आधी झिजतात, म्हणून मुलांना जिना चढणे आणि खालून उठणे जड जाते. इथल्या फिजिओथेरपिस्टने व्यायामाचा छापील तक्ता हाती ठेवला नाही. मुलाला काय खेळायला आवडत होते हे विचारले, पायाचा घोटा किती वळतो ते पाहिले, तोल तपासला आणि मणक्याच्या फ्रॅक्चरमुळे पुढे वाकून वजन उचलणे व कोलांटी टाळून बाकी जवळजवळ सगळे हळूहळू सुरू करायला सांगितले. पालक म्हणून आमचा कल त्याला कापसात गुंडाळून ठेवण्याकडे होता. काय करायचे नाही याची यादी इतकी छोटी असू शकते, हे आम्हाला कोणीतरी अधिकाराने सांगण्याची गरज होती. एकच उणीव सांगतो: ही सोय केवळ कामकाजाच्या दिवशी शाळेच्याच वेळेत आहे. ज्या मुलाने आधीच शाळेची दोन वर्षे गमावली आहेत, त्याला व्यायामासाठी आणखी तास बुडवायला लावणे विसंगत वाटते.

हाडे विरळ होण्याहून वेगळा आणि किशोरवयीनांमध्ये अधिक त्रासदायक असा एक आजार आहे, त्याचे नाव ऑस्टिओनेक्रोसिस. यात हाडाच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मृत होतो. खुबा आणि गुडघा हे सांधे प्रामुख्याने सापडतात. निदानाच्या वेळी दहा वर्षांहून मोठी असलेली मुले सर्वाधिक धोक्यात असतात. डेक्सामेथासोन त्याला कारणीभूत ठरते आणि ॲस्पॅराजिनेज या ल्युकेमियावरच्या दुसऱ्या औषधाची साथ मिळाली की धोका वाढतो. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन सलग तीन आठवडे देण्याऐवजी मध्ये एक आठवडा सोडून दिल्यावर या वयोगटातील ऑस्टिओनेक्रोसिसचे प्रमाण घटल्याचे 2012 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि औषध देण्याच्या पद्धतीतील तो बदल पुढे स्वीकारला गेला. डेक्सा स्कॅन हा आजार दाखवत नाही, आणि साधा एक्स-रेही सुरुवातीला स्वच्छ येतो. त्यासाठी एमआरआय लागतो. खुब्यातला बिघाड कधी कधी केवळ गुडघादुखी म्हणून जाणवतो, त्यामुळे गुडघा दुखतो म्हणून गुडघ्याचाच एक्स-रे काढून घरी पाठवलेली मुले असतात. क्लिनिकमधील डॉक्टर दर भेटीला खुबा आतल्या बाजूला वळवून पाहतात, आणि वळवताना दुखले किंवा हालचाल कमी वाटली तर एमआरआय सुचवतात. पण एमआरआयची तारीख मिळायला लागणारा काळ मात्र त्यांच्या हातात नाही आणि तो लांबलचक आहे. माझ्या मुलाला एका भेटीत जांघेत दुखत असल्याचे आढळल्यावर डॉक्टरांनी एमआरआय होईपर्यंत उड्या आणि धावणे बंद ठेवायला सांगितले. तपासणीत काही निघाले नाही, पण तोपर्यंतचे दिवस कोणत्याही घराने काढावेत असे नव्हते. अशा मुलांसाठी काही जागा राखून ठेवाव्यात, ही माझी दुसरी गंभीर सूचना.

बिस्फॉस्फोनेट या औषधांबद्दल पालकांमध्ये कुजबुज असते, म्हणून थोडे लिहितो. शिरेतून दिली जाणारी ही औषधे हाडाची झीज रोखतात. इथे ती केवळ स्कोअर कमी आहे म्हणून देत नाहीत. पाठ दुखवणारे किंवा एकाहून अधिक दबलेले मणके, वारंवार मोडणारी हाडे आणि आपोआप सावरण्याची शक्यता कमी, अशा परिस्थितीत देतात. पहिल्या मात्रेनंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते, रक्तातील कॅल्शियम खाली जाऊ शकते, म्हणून ड जीवनसत्त्वाची पातळी आधी दुरुस्त करतात आणि दातांची तपासणी उरकून घेतात. आमच्या मुलाला हे औषध द्यायचे की नाही यावर दोन भेटींत चर्चा झाली. दुखणे नसल्याने आणि पुढच्या एक्स-रेत मणका थोडा सावरलेला दिसल्याने शेवटी दिले नाही. निर्णयाची कारणे कागदावर लिहून दिली, ही बारीकशी गोष्ट मला फार उपयोगी वाटली, कारण नातेवाइकांपासून गावातल्या डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाने नंतर तोच प्रश्न विचारला.

कारभाराच्या बाजूबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. नोंदणी, रक्ततपासणी आणि स्कॅन एकाच दिवशी होतात, त्यामुळे दिवस मोठा होतो पण फेऱ्या वाचतात. बसायची जागा बाह्यरुग्ण विभागातील इतर रुग्णांसोबतच आहे. फोन लागत नाही, ई-मेलला उत्तर मात्र येते.

एक प्रश्न अनुत्तरित आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की बालविभागाची फाइल बंद होते, आणि त्यापुढे हाडांची जबाबदारी कोणाची, हे अजून आम्हाला कोणी निश्चितपणे सांगितलेले नाही. पंचविसाव्या वर्षीचा स्कॅन सुचवणारे बालतज्ज्ञ तेव्हा या मुलांचे डॉक्टर नसतील, आणि प्रौढांच्या डॉक्टरांना पंचवीस वर्षांच्या तरुणाच्या हाडांची काळजी करण्याचे कारण आपणहून सुचणार नाही. क्लिनिकने त्यासाठी एक उपचार-सारांश तयार करून दिला आहे: स्टेरॉइडांची एकूण मात्रा, इतर औषधे, किरणोपचार झाले नसल्याची नोंद, मणक्याचे फ्रॅक्चर, सर्व स्कॅनचे उंचीनुसार दुरुस्त केलेले आकडे आणि ते कोणत्या कंपनीच्या यंत्रावर घेतले याची माहिती. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरचे आकडे थेट जुळत नाहीत, म्हणून ही शेवटची ओळ महत्त्वाची.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी असा सारांश कर्करोग विभागाकडून आधीच मागून घ्यावा, जुने एक्स-रे डिस्कवर न्यावेत, नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. स्कॅनच्या आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी देऊ नये, कारण पोटात न विरघळलेली गोळी चित्रात उमटू शकते, आणि कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट करणारे द्रव्य, देऊन केलेली दुसरी तपासणी नुकतीच झाली असेल तर तसे तारीख घेतानाच सांगावे. मुलाला धातूची चेन वा बटणे नसलेले कपडे घालावेत, आणि फिजिओथेरपिस्ट त्याच दिवशी चालून, धावून, उड्या मारून दाखवायला सांगतात, म्हणून पायात बूट असू द्यावेत.